न खोडलेलं उत्तर

या, असे पुढे सरा. मागच्यांनी भिंतीला टेकू नये, भिंत झोप आणते. पानाचा डबा बाजूला सारा आणि कान इकडे द्या. आज गोष्ट देवाची नाही, दैत्याचीही नाही. एका कागदाची आहे. हा कागद जन्मात एकदाही खोटं बोलला नाही, आणि तरी त्यानं एका आईला कसं टांगून ठेवलं, ते सांगायचं आहे. हसू आलं तर खुशाल हसा. पण शेवटी एक मागणं आहे, ते ऐकल्याशिवाय कुणी उठू नका.

तेव्हा आपला जिल्हा कुलाबा होता. रेवदंड्याला यज्ञेश्वरपंत गुप्ते म्हणून एक गृहस्थ होते. नारळी-सुपारीची वाडी, विहिरीवर रहाट, घरात पद्माबाईंसारखी शांत बायको, कशाला काही कमी नव्हतं. मुंबईत एका जहाज कंपनीच्या ऑफिसात तीस वर्षं घालवून, स्वराज्य आल्यावर आठ-नऊ वर्षांनी पंत गावी परतले. लोक मुंबईहून ग्रामोफोन आणतात, काचेची हंडी आणतात. पंतांनी मोठेपणा आणला. तो घरात मावेना, म्हणून ओटीवर मांडला. रोज सकाळी खुर्ची टाकून त्याच्याशेजारी बसायचे, आणि जो कोणी वाटेनं जाईल त्याला तो दाखवायचे.

त्या मोठेपणाचं नाव होतं ‘नमुना’.

कंपनीच्या बोटींवर आपल्याकडची शेकडो माणसं. कोणी खलाशी, कोणी भट्टीत कोळसा ओढणारा आगवाला. त्यांच्या घरची माणसं पत्रं लिहून विचारायची, आमचा माणूस कुठं आहे, बरा आहे ना. पंतांच्या आधीचे कारकून प्रत्येकाला वेगळं पत्र लिहायचे, आणि लिहिताना इंग्रजीत ठेचकाळायचे. त्या भाषेत एकाचे अनेक करायचे तर कधी शब्दाला शेपूट लागतं, कधी त्याच्या पोटातलं अक्षर बदलतं, आणि मागून येणारं क्रियापदही सोंग पालटतं. पंतांनी काय केलं, सगळी सोंगं एका ओळीत उभी केली. सन, सन्स, हजबंड, ब्रदर, ब्रदर्स, मॅन, मेन, इज, आर, हॅज, हॅव. मध्ये तिरक्या रेघा ठोकल्या, प्रत्येकाला आकडा दिला आणि खाली लिहिलं, नको ते खोडावे. स्टेन्सिल कापलं, हजार प्रती काढल्या. अर्जाचा एक नमुना आणि त्याचा जुळा भाऊ, उत्तराचा नमुना.

या जुळ्यांचा नियम ऐका, गोष्टीची किल्ली त्यातच आहे. अर्जात ज्या आकड्यावर काट असेल, पहिल्या टेबलावरच्या कारकुनानं उत्तरात त्याच आकड्यावर काट मारायची. नवरा की मुलगा, एक की अनेक, ते सगळं असं ठरलं. मग कागद दुसऱ्या टेबलावर जायचा. तिथला कारकून जिवंत, आजारी, बेपत्ता, मयत यांतलं नको ते खोडायचा. आणि पहिल्या टेबलानं पेन उचलल्याशिवाय दुसऱ्यानं उचलायचं नाही. अर्ज वाचायचं कारणच उरलं नाही. पंत अभिमानानं सांगायचे की माझ्या ऑफिसात इतक्या वर्षांत कुणी एक ओळ वाचली नाही आणि एक चूक झाली नाही.

श्रोते हो, पोपटानंही इतक्या वर्षांत एखादा शब्द स्वतःचा टाकला असता.

त्या ओटीवर नेहमीचे ऐकणारे दोघं. एक पोस्टमन बाबाजी, ज्याला रोज तिथं पाणी मिळायचं, आणि पाण्याबरोबर नमुनाही प्यावा लागायचा. दुसरे विश्वंभरबुवा कीर्तनकार. बुवांवर पंतांचा विशेष लोभ, म्हणजे टोमणे मारायला माणूस बरा. पंत म्हणायचे, तुम्ही दरसाल तेच आख्यान लावता, त्याच जागी रडवता, त्याच जागी हसवता. एकदा छापून वाटून टाका, टाळकुट्यांचा खर्च वाचेल.

बुवा काही मनाला लावून घेणारे नव्हते. ते म्हणाले, “आख्यान तेच असतं, पंत. समोर तोच बसलेला नसतो. कुणाच्या घरी नुकतं कोण गेलंय ते बघून मला ध्रुव रानात धाडावा लागतो.”

पंतांनी हे हवेवर सोडलं आणि आपली आवडती हकिकत काढली. एकदा म्हणे एका बाईचे दोन मुलगे एकाच बोटीवर होते. एक मेला, एक जिवंत. नमुन्यात ‘मुलगा जिवंत आहे’ होतं, ‘मुलगे जिवंत आहेत’ होतं, दोघंही मयत असण्याची सोय होती. पण एक असा आणि एक तसा, याला जागाच नव्हती. कारकून पेन धरून रडकुंडीला आला. पंतांनी त्याला सांगितलं, दुसरा कोरा नमुना घे, काहीच खोडू नकोस. जे खरं आहे ते त्यात आहेच. कंपनी खोटी पडत नाही.

बाबाजीनं पाण्याचा तांब्या खाली ठेवला. “मग त्या आईला कळलं काय?”

“कळवणं हे तुमच्या पोस्टाचं काम, बाबाजी. आमचं काम उत्तर देणं.”

बाईचं नाव काय होतं, हे काही पंतांना आठवत नव्हतं. नावाला नमुन्यात आकडा नव्हता.

तर अशा या ओटीवर पौषात एक दिवस कुंडेवाडीची आवडाबाई आली. डोंगराच्या अंगची भातशेतीवाली बाई, बारा वर्षांमागे विधवा झालेली, पदरात नव्या भाताचे पोहे बांधलेले. तिचा एकुलता एक रघू कंपनीच्या बोटीवर आगवाला. दर दोन-तीन महिन्यांनी कुणाकडून तरी चार ओळी लिहून धाडायचा. गेलं सव्वा वर्ष एकही ओळ आली नव्हती.

नुसती काळजी असती तर तिनं ती उशाशी घेऊन काढली असती. पण कुंडेवाडीत फाल्गुनात मारुतीच्या देवळात नामसप्ताह बसतो. सात दिवस वीणा जमिनीला टेकवायची नाही. एकाच्या गळ्यातून निघाली की दुसऱ्याच्या गळ्यात. दोन-दोन तासांचे पहारे, आणि कोणता पहारा कोणत्या घराचा ते देवळातल्या काळ्या फळीवर पांढऱ्या रंगात लिहिलेलं. माणूस परगावी असेल तर त्याच्या जागी दुसरा उभा राहतो, पण नाव फळीवर तसंच राहतं. मेला, तरच त्याच्या नावावर काव ओढतात, तांबड्या मातीची एक रेघ. आणि दुसऱ्या सप्ताहात त्याचा पहिला पहारा लागेपर्यंत ज्याची खबर नाही, तो गेलाच असं धरायचं, ही तिथली रीत. एक सप्ताह बिनखबरीचा गेला होता. दुसरा फाल्गुनात होता. कारभारी रावजीनं तिला सांगून ठेवलं होतं की वैनी, दुपारी दोन ते चारचा पहारा रिकाम्या नावावर किती ठेवायचा.

म्हणून आवडाबाई आली होती. रघूच्या नावावर काव पडायच्या आत तो आहे की नाही, एवढंच तिला हवं होतं.

पंत खुलले. त्यांनी कपाटातून नमुना काढला, टाइपरायटरवर रघूचं नाव, बापाचं नाव बुधाजी, गाव, बोट, सगळं ठोकलं. मग पेन शाईत बुडवलं आणि पहिल्या आकड्यावर काट मारायला हात खाली नेला. तेवढ्यात आवडाबाईनं आपला पंजा कागदावर ठेवला.

“रेघ वढू नका, पंत.”

पंतांनी समजावलं. ही रेघ रघूवर नाही, नवरा, भाऊ, मुलगे, जे लागू नाही त्याच्यावर आहे.

“पोराच्या कागुदावर कुनावरच रेघ नको. आमच्यात रेघ वढली म्हंजे मानूस गेला.”

पंतांनी कपाळाला हात लावला. आजवर कुणी नमुन्यावर पंजा ठेवला नव्हता. हिच्याशी डोकं कोण लावणार, असं पुटपुटत त्यांनी कागद तिच्या हातात दिला. कोणते शब्द ठेवायचे ते बाबाजीला दाखवलं, बाकीचे घरी जाऊन सावकाश खोडा, अंगठा करा आणि टाका पोस्टात, असं सांगून ते सुपाऱ्या मोजायला उठले. पोहे मात्र ठेवून घेतले.

बाईनं घरी जाऊन काय केलं? खोडलं नाही. जे ठेवायचं त्याची पूजा केली. बाबाजी टपाल घेऊन कुंडेवाडीला गेला तेव्हा त्याला बसवून ‘मुलगा’ कुठला आणि ‘आहे’ कुठला ते विचारून घेतलं, आणि शेजारणीच्या करंड्यातून कुंकू आणून त्या दोन शब्दांवर एकेक बोट लावलं, लग्नपत्रिकेला लावतात तसं. बाबाजीला ते पटलं. शुभ कागद दिसतो, म्हणाला. हसू नका. कोणता शब्द हवा हे त्या कागदावर आंधळ्यालाही दिसलं असतं. पण ते बघायला ऑफिसात आंधळासुद्धा नव्हता, नियम होता.

उत्तर आलं ते सप्ताह बसायला सहा दिवस उरले असताना. पाकीट बाबाजीनं स्वतः कुंडेवाडीला नेलं आणि आवडाबाईला बरोबर घेऊनच तो पंतांच्या ओटीवर आला. मागोमाग रावजी कारभारीही आला, कारण फळी त्याच्या ताब्यात. बुवा तिथं होतेच.

पंतांनी चष्मा पुसला, सुरीनं पाकीट फोडलं. आपलं लेकरू ओळखावं तसा त्यांनी नमुना ओळखला. वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग खालपासून वरपर्यंत पाहिलं. एकही काट नव्हती.

“वाचा ना,” बुवा म्हणाले.

पंत वाचू लागले, इंग्रजीचं मराठी करत, आणि जसजसे पुढं जात होते तसतसा आवाज खाली जात होता. “कंपनी कळवते की तुमचा, तुमचे, नवरा, मुलगा, मुलगे, भाऊ... हा, हे... जिवंत, आजारी, बेपत्ता, मयत... आहे, आहेत.”



आवडाबाईनं विचारलं, “माझा दादला जाऊन बारा वर्सं झाली. तो कंपनीला कुटं गावला?”

रावजीला हसू फुटलं ते त्यानं खोकल्यात लपवलं.

“आन् मला मुलगं किती झालं म्हनतात?” बाई हसत नव्हती. “पंत, माझा रघू हाय का न्हाय?”

 उत्तर बरोबर आहे, असं पंतांनी आधी सांगितलं. हो, हेच आधी सांगितलं. तुम्ही अर्जात काट मारली नाहीत, म्हणून पहिल्या टेबलानं मारली नाही. पहिल्यानं मारली नाही, म्हणून दुसऱ्यानं पेन उचललं नाही. तसा नियमच आहे.

“कुनी केला त्यो नियम?”

पंत वाडीकडे बघू लागले. बाबाजी तांब्याकडे बघू लागला. उंबऱ्याशी पद्माबाई पोह्यांचं रिकामं फडकं घडी घालून परत द्यायला उभ्या होत्या. वर्षानुवर्षं त्यांनी नवऱ्याचा नमुना ऐकला होता, मधे कधी शब्द टाकला नव्हता.

“सांगा ना,” त्या म्हणाल्या. “तुम्हीच केलात म्हणून सांगा.”

आवडाबाईनं फडकं घेतलं. मग टेबलावरचं पेन उचलून पंतांच्या पुढं धरलं. “आता वढा रेघ. आता मी हात आडवा घालत न्हाय. तुमाला ठावं आसंल त्यावर वढा. ठावं नसंल तर ठावं करून या.”

आता बघा, पेन हातात, कागद समोर, आणि शब्द चार. तीन खोडले की काम झालं. ‘जिवंत’ ठेवलं असतं तर बाई पाया पडून गेली असती. तीस वर्षांत पंतांनी हजारोंच्या नशिबाचे कागद सहीनं बाहेर धाडले होते, पण यातल्या कुठल्या शब्दावर रेघ ओढावी हे आपल्याला माहीत नाही, हे त्यांच्या ध्यानात पहिल्यांदा आलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं ते रेवसला गेले आणि तिथून लाँचनं भाऊच्या धक्क्याला.

ऑफिसात त्यांना खुर्ची मिळाली, चहा मिळाला. पहिल्या टेबलावरचा तरुण कारकून उठून उभा राहिला आणि कौतुकानं म्हणाला, साहेब, सगळं तुमच्याच नियमानं चाललंय. त्यानं अर्ज काढून दाखवला. कुंकवाचे दोन ठिपके टिपकागदानं टिपलेले, वर शेरा, ‘तांबडे डाग, दुर्लक्ष.’

पंतांनी अर्ज वाचला. तीस वर्षांत वाचलेला हा त्यांचा पहिला अर्ज.

मग दोन दिवस ते रजिस्टरं उलगडत बसले. ज्या बोटीवर रघू होता तिचं, मग बंदरांचं, मग इस्पितळांचं. रघू सापडला. आफ्रिकेतल्या मोंबाशाला वाफेची नळी फुटून त्याचे दोन्ही हात भाजले होते. आठ महिने इस्पितळात, त्यानंतर कंपनीच्या गोदामावर बसून होता, परतीच्या बोटीची वाट पाहत. पत्रं तो बोटीवरच्या सोबत्यांकडून लिहून घ्यायचा, पण बोट पुढं गेली, आणि परमुलखात मराठी लिहिणारा कोण. पण कंपनीला ही खबर वर्षभर ठाऊक होती. दुसऱ्या टेबलाच्या खणात ‘आजारी’ असा कागद रघूच्या नावानं पडून होता. धाडला का नाही? कारण पहिल्या टेबलानं पेन उचललं नव्हतं. अर्ज नाही तर उत्तर नाही.

आणि त्याच खणात आणखी एक जुनी प्रत होती. तिच्यावरही एक काट नव्हती. गाव आगरदांडा, नाव गोदूबाई, मुलगे सदा आणि दादू. खाली सही यज्ञेश्वर हरी गुप्ते.

ओटीवरच्या हकिकतीतली ती बाई. रेवदंड्यापासून एका दिवसाच्या वाटेवर राहणारी.

पंतांनी कारकुनाकडून एक कोरा कागद मागून घेतला. त्यावर दोन्ही घरांची खबर मराठीत स्वतः लिहिली. एकही तिरकी रेघ न घालता लिहायला त्यांना अख्खी दुपार लागली.

कुंडेवाडीला ते पोचले ते सप्ताहाच्या पहिल्याच दिवशी, उन्हात चालत, धोतर गुडघ्यापर्यंत मळलेलं. देवळात वीणा चालू होती. दोनला पाच कमी होते. रावजी फळीखाली कावेची वाटी घेऊन उभा, आवडाबाई खांबाला धरून उभी. बुवा गळ्यात उपरणं टाकून नामाची साथ करत होते, पण डोळे वाटेवर.

पंत दारातच थांबले. इंग्रजी पत्राची सुरुवात कशी करतात ते त्यांना चाळीस प्रकारे येत होतं. त्यातलं काही उपयोगाचं नव्हतं.

“रघू आहे,” ते म्हणाले. “मोंबाशाला आहे. हात भाजले होते, आता बरे आहेत. पुढच्या महिन्यात येतोय.”

आवडाबाई खाली बसली. रडली नाही, नुसती जमिनीवर हात फिरवत राहिली, जसं मूल निजलेलं असावं. रावजीनं कावेची वाटी पायरीवर ओतली. पण दोन वाजले होते, आणि वीणा ज्याच्या गळ्यात होती तो खाली बघत होता. रघूच्या पहाऱ्याला कोण?

बाई उठली. वीणा स्वतःच्या हातांनी उतरवून घेतली आणि ती पंतांच्या पुढं धरली.

“तुमी ऱ्हावा हुबं.”

पंत म्हणाले, मला नाम घेता येत नाही, चाल येत नाही. बुवा बाजूनं म्हणाले, चाल मी देतो, तुम्ही फक्त खाली बसू नका. मग दोन ते चार, दोन तास, रेवदंड्याचे यज्ञेश्वरपंत गुप्ते गळ्यात वीणा घालून उभे राहिले. पायांना मुंग्या आल्या, पाठ धरली, आवाज दोनदा बसला. वर फळीवर रघूचं नाव होतं, त्याच्यावर रेघ नव्हती. चार वाजता पुढचा आला तरी पंतांच्या हातून वीणा सुटेना, बोटं आखडली होती. ती आवडाबाईनं एकेक करून सोडवली.

रघू चैत्रात आला. त्याचं पुढचं त्याच्या घरचं सुख आहे, तिथं आपण डोकावू नये.

पंत मात्र त्या पहाऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी आगरदांड्याला गेले होते. खिशात तो मराठी कागद. ‘सदा मयत झाला. दादू जिवंत आहे, परमुलखी एका बंदरात उतरून तिथंच राहिला, त्याचा पत्ता असा असा.’ धक्क्यावर विचारत विचारत ते गोदूबाईच्या दारी पोचले. दाराला कडी होती. शेजारणीनं सांगितलं, गेल्या श्रावणात गेली म्हातारी. कंपनीचा कागद शेवटपर्यंत देव्हाऱ्यात ठेवला होता. वाचून दाखवणारे सगळे म्हणायचे, यात सगळंच लिहिलंय. दर सर्वपित्रीला ती एक पान वाढायची, पाणी फिरवायला हात उचलायची, आणि नाव घ्यायची वेळ आली की पान उचलून परत आत न्यायची. कुणाचं नाव घेणार? जिवंत पोराचं घेतलं तर?

 खिशातला कागद द्यायला कुणी नव्हतं. कपाटातले नमुने त्यांनी आल्यावर बंबात घातले असं पद्माबाई सांगायच्या. घातले असतील. त्यानं आगरदांड्यात काही फरक पडला नाही.

तर श्रोते हो, गोष्ट झाली, आता मागणं. आवडाबाईची आठवण तिचा रघू ठेवील. पंतांची ठेवली नाही तरी चालेल, ते स्वतःच पुरेशी ठेवायचे. पण आगरदांड्याच्या गोदूबाईचं नाव घेणारं इथं कुणी मागं राहिलेलं नाही. या भाद्रपदात सर्वपित्रीला आपल्या घरी पान वाढाल, पाणी फिरवाल, तेव्हा आपल्या माणसांची नावं घेऊन झाली की एक घटकाभर हात तसाच धरा. गोदूबाईची आठवण ठेवा, आणि तिला जे नाव घेता आलं नाही तेही घ्या. सदा.